टबाला पाय आहेत

परदेशातून कायमचं घरी परतलेल्या माणसाला कशाची आठवण येईल याचा काही नेम नसतो. लोकांना वाटतं, मोठे रस्ते आठवत असतील, चकचकीत दुकानं आठवत असतील. या गोष्टीतल्या गृहस्थांना आठवायचं ते एक दार. आपण आत गेल्यावर मागे आपलं आपण, आवाज न करता, सावकाश बंद होणारं. म्हातारी माणसं दिसली की थांब्यावर एका अंगाला वाकणारी बस आठवायची. शिवाय फुटपाथवर समोरून येणारी, ओळख ना पाळख, तरी मान हलवून पुढे जाणारी माणसं. इकडे आल्यावर त्यांनीही तशी मान हलवून बघितली, तर एकाने थांबून "काय झालं?" विचारलं आणि दुसऱ्याने सरळ रस्ता ओलांडला.

पण हे सगळं एकीकडे आणि टब एकीकडे.

इमारतीतली मुलं त्यांना परतकाका म्हणत. 'परदेशातून परत आलेले काका' एवढं लांबलचक बोलायला मुलांना सवड नसते. मुलांचं ऐकून मोठी माणसंही परतकाकाच म्हणू लागली. तिकडे कागदाच्या एका कारखान्यात दाब मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. वाफेचा दाब, पाण्याचा दाब, लगद्याचा दाब. आठवडाभर दुसऱ्यांचे दाब बघून झाले की रविवारी ते भाड्याच्या घरातल्या जुन्या टबात गरम पाणी भरून हनुवटीपर्यंत आत शिरत. तेवढा तासभर त्यांच्यावर जगातल्या कुणाचाच दाब नसे.

आता इकडे बादली होती. बादलीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. बादली आपलं काम चोख करते. पण बादलीत माणूस मावत नाही.

घरात बायको आणि थोरली बहीण अशी दोन माणसं. बायकोला सगळी इमारत काकू म्हणे आणि बहिणीला आक्का. आक्का शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघे पार गेलेले, पण आवाज अजून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. घरात भिंतीला धरून चालायच्या, जिना उतरायच्या त्या फक्त डॉक्टरकडे जायला. आणि तेव्हाही सगळा वेळ डॉक्टरलाच बोल लावत.

"टब घ्यायचा म्हणतोय," परतकाकांनी एका सकाळी चहा घेताना विषय काढला.

"कपडे भिजवायला?" काकूंनी विचारलं.

"स्वतःला भिजवायला."

आक्कांनी कप खाली ठेवला. "म्हणजे बसून आंघोळ करायची. अंगाचा मळ काढायचा आणि त्याच पाण्यात पडून राहायचं. म्हशी दुसरं काय करतात रे?"

"अगं आक्का, त्यात अंग कसं मोकळं होतं ते सांगून कळायचं नाही."

"मग नको सांगूस," आक्का म्हणाल्या. त्यांच्यापुरता विषय तिथे संपला.

परतकाकांच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. एक जुनं हॉटेल पाडत होते. तिथल्या भंगारवाल्याकडे त्यांना टब सापडला. ओतीव लोखंडाचा, आतून पांढरा शुभ्र, बाहेरून काळा आणि खाली सिंहाच्या पंजांसारखे चार पाय. परतकाका त्याच्यासमोर उभे राहिले. जुना मित्र अनोळखी गावात अचानक समोर यावा तसं त्यांना झालं. भंगारवाला म्हणाला, "साहेब, घेताय का नुसतेच बघताय?" परतकाकांनी खिशातून टेप काढला. आयुष्यभर मोजमापात गेलेला माणूस तो. टबाची लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली. बाथरूमची मापं आधीच पाठ होती. टब आत बरोब्बर बसत होता. वर साबण ठेवायला चिंचोळी जागासुद्धा उरत होती.

पहिली अडचण आली सेक्रेटरींच्या रूपाने. इमारतीच्या सोसायटीचे हे सेक्रेटरी परतकाकांच्या समोरच, तिसऱ्या मजल्यावर राहात. नियम हा त्यांचा छंद होता. इतर लोक सुट्टीच्या दिवशी झोपतात, ते नियम वाचत.

"नियमांत टब नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"मग बंदी नाही ना?"

"बंदी नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. टब म्हणजे काय ते आधी ठरलं पाहिजे. पाणीसाठा म्हटलं तर तो खाजगीरीत्या करता येत नाही. बांधकाम म्हटलं तर सगळ्यांच्या सह्या लागतील. फर्निचर म्हटलं तर प्रश्नच नाही, ज्याचं त्याने आणावं."

सभा बोलावण्यात आली. खालच्या वहिनी, म्हणजे परतकाकांच्या बरोब्बर खाली दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाई, सगळ्यांत आधी बोलल्या. "काका, तुमचं बाथरूम आमच्या स्वयंपाकघरावर आहे. एक दिवस मी पोळ्या लाटत असेन आणि तुम्ही टबासकट खाली आलात तर मी कुठे बघायचं?" या प्रश्नावर सभा बराच वेळ विचारात पडली. शेवटी कुणीतरी विचारलं, टबाला पाय आहेत का? परतकाका म्हणाले, आहेत, चार आहेत. सेक्रेटरींचा चेहरा उजळला. ज्याला पाय आहेत आणि जे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येतं ते फर्निचर, असा निर्णय झाला. काका त्या दिवशी एखादा खटला जिंकल्यासारखे घरी आले.

टब आला. चार हमाल होते आणि चौघेही टेम्पोतून उतरल्यावर टबाकडे न बघता जिन्याकडे बघत होते. पहिला मजला पार पडला. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे, जिना वळतो तिथल्या चौकात, टब या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असा काही रुतून बसला की पुढे जाईना आणि मागे येईना. हमालांनी घाम पुसला. "जेवून येतो," म्हणाले आणि गेले. त्या दिवशी त्यांचं जेवण काही संपलं नाही.

इमारतीला लिफ्ट नव्हती. वर राहणाऱ्यांना घरी जायचं तर एकच मार्ग होता. टबात उतरायचं, दोन पावलं चालायचं आणि पलीकडे बाहेर यायचं. काकूंनी आत वर्तमानपत्रं अंथरली. संध्याकाळी ऑफिसांतून परतणारी माणसं पिशव्या सांभाळत एकेक करून टबात शिरत होती आणि निघत होती. परतकाका शेजारी उभे राहून प्रत्येकाला हात देत होते आणि क्षमा मागत होते. परत आल्यापासून त्यांनी ज्याची स्वप्नं बघितली त्या टबात त्या दिवशी सगळी इमारत जाऊन आली, ते स्वतः सोडून.

आणि प्रत्येकाकडे सल्ला होता. कुणी म्हणालं, साबण लावा. कुणी म्हणालं, तेल. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ, ज्यांचा या टबाशी किंवा वरच्या जिन्याशी काडीचाही संबंध नव्हता, ते मुद्दाम वर येऊन भिंत फोडायला सांगून गेले. नळजोडणीसाठी आलेल्या प्लंबरने मात्र वाकून बघितलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "पाय काढा. पाय काढले की सुटला."

"पाय काढता येणार नाहीत," सेक्रेटरी टबात उभे राहून म्हणाले. ते नेमके त्याच वेळी घरी परतत होते. "पाय काढले की ते फर्निचर राहणार नाही. निर्णय पायांवर झालाय."

"तात्पुरते काढू हो. वर नेऊन पुन्हा लावू."

"आणि मधल्या वेळात तो काय असेल?" सेक्रेटरींनी विचारलं. मग ते पलीकडे उतरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी हमाल उजाडताच आले. त्यांच्यातल्या एकाच्या सांगण्यावरून चौघांनी टब उभा केला, जरासा फिरवला, आणि तो शहाण्या मुलासारखा वळण घेऊन वर निघाला.

"हे काल का नाही केलंत?" काकूंनी विचारलं.

"काल भूक लागली होती," हमाल म्हणाला.

टब घरात आला. दिवाणखाना ओलांडला. बाथरूमच्या दारापाशी आला आणि थांबला. हमालांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा टबाकडे बघितलं आणि मग चौघांनी मिळून परतकाकांकडे बघितलं. परतकाकांनी बाथरूम मोजलं होतं. टब मोजला होता. मधलं दार मोजायचं राहून गेलं होतं. चौकट काढून बघावी तर चौकटीला लागून इमारतीचा खांब.

"अहो," काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तो आत जाणार होता तरी कुठून? नळातून?"

 आक्कांनी फक्त चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. शाळेत हे बघून मुलं रडायची म्हणे. परतकाकांना वाटलं, त्यांनी बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

मग टब दिवाणखान्यात राहिला. सोफ्याला जागा उरेना म्हणून सोफा भिंतीला टेकवून उभा केला. पाहुणे आले की टबाच्या काठावर बसत. एक दूरचे भाचे आले ते आतच बसले, पाय पसरून, आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, मामा, जागा छान आहे. परतकाका रोज सकाळी पेपर वाचताना पेपराच्या वरून टबाकडे बघत. इतका जवळ, तरी कोरडा.

तिकडे खालच्या वहिनी स्वस्थ नव्हत्या. टब बाथरूममध्ये जाणार म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली शेगडी सरकवली होती. आता तो दिवाणखान्यात आहे हे कळल्यावर त्यांनी जेवणाचं टेबल झोपायच्या खोलीत नेलं. "तरी आम्ही वर बघतच जेवतो हो काका," त्या सांगत. "परवा यांच्या शर्टावर सगळी आमटी." शेवटी त्यांच्याच आग्रहावरून इंजिनिअर बोलावण्यात आला. तो बारीक, गंभीर तरुण होता. त्याने जमिनीवर बोटांनी टकटक केलं, खाली वहिनींच्या घरी जाऊन छतावर टकटक केलं, आणि वर येऊन म्हणाला, "रिकामा ठेवलात तर काही धोका नाही."

"रिकामा टब कशासाठी ठेवतात?" परतकाकांनी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. पाण्याचं वजन पेलेल अशी या इमारतीत एकच जागा आहे. गच्चीवर, टाकीशेजारी. तो भाग त्यासाठीच बांधलाय."

टब पुन्हा निघाला. या वेळी त्याने वळणावर त्रास दिला नाही, त्यालाही सवय झाली असावी. गच्चीवर पाण्याच्या मोठ्या काळ्या टाकीशेजारी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या मधोमध तो चार पायांवर उभा राहिला. परतकाका खाली येऊन खुर्चीत बसले आणि त्यांना रडायला आलं. उघड्यावर, चहूबाजूंनी खिडक्या असलेल्या गच्चीवर आंघोळ करायची म्हणजे शरीराबरोबर अब्रूही धुऊन निघणार. काकूंनी दोऱ्यांवर चादरी टाकून आडोसा होईल असं सुचवलं. ते ऐकून त्यांना आणखी वाईट वाटलं, कारण त्यात काकूंची माया होती आणि तिला नाही म्हणता येत नव्हतं.

रविवारी सकाळी चादरी लागल्या. प्लंबरने टाकीच्या तळाला एक रबरी नळी जोडली, दुसरं टोक टबात सोडलं. "पाणी बंद करायची चावी आज मिळाली नाही, उद्या बसवतो," तो म्हणाला. "टब भरत आला की नळीचं तोंड टाकीपेक्षा उंच धरायचं आणि वरच्या खिळ्याला अडकवून टाकायचं. पाणी आपोआप थांबतं. काही अवघड नाही." एवढं सांगून तो गेला. परतकाका एकटे राहिले.

पाणी येऊ लागलं. आधी तळाशी पसरलं, पांढऱ्या तळावर हलणारी उन्हाची जाळी तयार झाली. परतकाकांनी बोट बुडवून बघितलं आणि चकित झाले. पाणी गरम होतं. काळी टाकी सकाळपासून उन्हात तापत होती, कुणी शेगडी पेटवली नव्हती, कुणी बटण दाबलं नव्हतं, आणि तरी हवं तसं, अंगाला सोसेल तसं गरम पाणी आपणहून येत होतं. तिकडे एवढी वर्षं टबात लोळले, पण वर नेहमी छत असे. ओल आलेलं, एका कोपऱ्यात पोपडे सुटलेलं. इथे पाणी जसजसं वर चढू लागलं तसतसं त्यात आभाळ उतरू लागलं. एक ढग या काठावरून आत शिरला आणि सावकाश त्या काठाकडे निघाला. परतकाका काठाला धरून त्याच्याकडे बघत राहिले. ढग पलीकडे पोचेपर्यंत थांबू या, असं त्यांना वाटलं. मग दुसरा आला. नळी, खिळा, प्लंबर यांपैकी कशाचीही त्यांना शुद्ध राहिली नाही. पाणी काठावरून ओसंडून त्यांच्या चपला भिजवत गच्चीभर पसरलं, तेव्हा त्यांना वाटलं की हे किती सुंदर दिसतंय.

मग नळी खुळखुळली, एक उचकी दिली आणि गप्प झाली. टाकी रिकामी झाली होती.

खाली आधी एक दार उघडल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या दाराचा. मग जिन्यातून पावलं, खूप पावलं. रविवार होता, सगळी इमारत आरामात आंघोळीला बसली होती आणि सगळ्यांचे नळ एकाच वेळी कोरडे पडले होते. सगळ्यांत पुढे सेक्रेटरी. कमरेला टॉवेल, हातात रिकामा तांब्या, डोक्यावर साबणाच्या फेसाचा हा डोंगर, एक डोळा मिटलेला. मागे खालच्या वहिनी, हातात राखेने अर्धवट घासलेली कढई. त्यांच्या मागे अर्ध्या दाढीचे, अर्ध्या धुतलेल्या केसांचे लोक. चादरी बाजूला सारून सगळे आत घुसले.

"काका, हे काय चालवलंय?"

"सगळी टाकी? एकट्यासाठी?"

"माझ्या डोळ्यांत साबण आहे!" सेक्रेटरी ओरडले. "कुठल्याच नियमात बसत नाही हे!"

परतकाका काही बोलायला गेले.  तेवढ्यात जिन्यातून एक आवाज आला आणि गर्दी जागच्या जागी थबकली. या आवाजासमोर उभं राहण्याची सवय तिथल्या कुणाला नसेल, पण कान आपोआप सरळ झाले.

"माझ्या भावाला बोलायचं असेल तर मी बोलेन. तुम्ही आधी अंग पुसा."

आक्का कठड्याला धरून जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मागे काकू. एक मजला चढून त्या आल्या होत्या. चेहरा लाल झालेला, श्वास लागलेला. त्यांना गच्चीवर शेवटचं कधी बघितलं होतं ते कुणालाच आठवेना. गर्दी दुभंगली. आक्का ओल्या गच्चीवरून एकेक पाऊल टाकत टबापर्यंत आल्या आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून काठावर टेकल्या. भावाकडे बघितलं. तोंड उघडलं. बोलण्याआधी आधारासाठी हात मागे टेकवला, तो पाण्यात गेला.

त्यांनी वळून पाण्याकडे बघितलं.

"गरम आहे रे," त्या म्हणाल्या.

"हो," परतकाका म्हणाले. "उन्हाने."

आक्कांनी हात पाण्यात तसाच ठेवला. जरा वेळाने त्यांनी दोन्ही हातांनी आधी एक पाय उचलून आत टाकला, मग दुसरा. काकू "अहो आक्का, कपडे!" म्हणेपर्यंत त्या अंगावरच्या कपड्यांसकट सावकाश आत सरकल्या. काठोकाठ भरलेलं पाणी चारी बाजूंनी बाहेर कोसळलं. पुढच्या रांगेतले लोक मागे सरले. आक्का छातीपर्यंत पाण्यात बसल्या होत्या, चष्मा नाकावर, चेहरा कडक.

मग त्यांचा उजवा पाय वर आला. त्यांनी तो उचलला नव्हता. दोन उशा दिल्याशिवाय जो पाय पलंगावर ठेवता येत नसे, तो आपला आपण, हळूहळू, एखादी वस्तू पाण्यावर यावी तसा वर आला आणि अंगठा पाण्याबाहेर डोकावला. आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. तो आपला नाही, कुणा पाहुण्याचा आहे, अशा नजरेने त्या बघत होत्या.

"अरे," त्या म्हणाल्या. हा आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. परतकाकांनी तो लहानपणानंतर ऐकला नव्हता. "अरे, बघ ना. दुखत नाहीये."

त्यांनी पाय वाकवला, सरळ केला. पुन्हा वाकवला.  सेक्रेटरींच्या कपाळावरून फेस ओघळत होता, तो पुसायचं त्यांना सुचलं नाही. आक्कांनी मान काठाला टेकली आणि वर बघितलं. पाण्यात त्यांच्या पायांच्या मधून एक ढग चालला होता.

"आक्का," वहिनींनी कढई छातीशी धरून हलकेच विचारलं, "कसं वाटतंय हो?"

आक्कांनी एकदोन शब्द मनातल्या मनात खोडले. आयुष्यभर मुलांकडून नेमका शब्द मागून घेणारी बाई ती.

"मी नाहीच आहे गं इथे," त्या शेवटी म्हणाल्या. "वजनच नाही."

वहिनींनी नाक ओढलं. मग सेक्रेटरी, साबणाने चिकटलेल्या एका डोळ्याने, मोठ्या अदबीने पुढे झाले आणि म्हणाले, "आक्का, तुमची परवानगी असेल तर पायांकडून एक तांब्या घेतो. डोळा फार चुरचुरतोय." आक्कांनी मान हलवली. त्यांनी एक तांब्या घेतला. मग आणखी कुणीतरी घेतला. लोक एकेक करून येत, वाकून, आवाज होऊ नये अशा बेताने पाणी घेत आणि मागे जाऊन तोंड धूत. आक्का डोळे मिटून पडून होत्या. उतरत चाललेलं पाणी खांद्यांवरून खाली आलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"काढ रे मला."

परतकाकांनी दोन्ही हात पुढे केले. आक्कांनी ते घट्ट धरले. पहिल्यांदा तर काहीच जाणवलं नाही, आक्का पिसासारख्या वर आल्या. मग पाठ पाण्याबाहेर निघाली तशी हातांना ओढ लागली. कंबर निघाली तशी ती वाढली. भिजलेल्या कपड्यांसकट, गुडघ्यांसकट, त्या उभ्या राहू लागल्या आणि प्रत्येक बोटागणिक वजन परतकाकांच्या मनगटांत, कोपरांत, पाठीत उतरत गेलं. वाफेपासून लगद्यापर्यंत सगळे दाब ज्यांनी मोजले होते, त्यांना हा अंदाजच नव्हता. हे सगळं घेऊन ही रोज उठत होती. भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जात होती. आज आपल्यासाठी एक मजला चढून आली होती.

त्यांनी पाय रोवले आणि आक्कांना काठाबाहेर घेतलं. त्यांना दम लागला होता.

आक्का गच्चीवर दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या, भावाच्या खांद्याला धरून. कपड्यांतून पाणी निथळत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसायला कोरडं काही नाही हे बघून पुन्हा नाकावर ठेवला, आणि त्या ओल्या काचांमधून गर्दीकडे बघितलं.

"टाकी भरायला पंप कोण लावणार आहे?" त्यांनी विचारलं.

तिघेजण एकदम जिन्याकडे धावले.

"आणि तू," आक्का भावाला म्हणाल्या, "तळाचं बूच काढू नकोस. दुपारी मी पुन्हा बसणार आहे."